घरच्या सर्व्हरची कुळकथा

मंडळी, दिवाळी अंकात कॉम्प्युटरवरचा लेख दिसला की निम्मे वाचक पान उलटून पाककृतींकडे वळतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो: हा लेख तुमच्या बेसमेंटमधल्या त्या खोक्याबद्दल आहे. होय, तेच खोकं. त्यात कोणाच्या तरी लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे, आजोबांच्या आवाजातल्या हरिपाठाच्या दोन ऑडिओ कॅसेट आहेत, पुण्याहून आणलेल्या नाटकांच्या व्हीसीडी आहेत आणि इथल्या कुठल्याच यंत्रात न चाललेली एक डीव्हीडी आहे. हे सगळं एका जुन्या लॅपटॉपवर चढवून घरातल्या कुठल्याही टीव्हीवर बघता येतं. त्याला लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि शनिवारच्या एका दुपारी बसवून होतं.

बसवायचं कसं हे कुठलाही पुतण्या-भाचा सांगेल. मला सांगायचंय ते हे सॉफ्टवेअर आलं कुठून, कोणी लिहिलं आणि मधल्या काळात कोणाकोणाच्या हातात गेलं ते. खोक्यातल्या बऱ्याच वस्तूंची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. त्या ज्याच्या हवाली करायच्या त्याचं कूळ आणि वागणूक बघून घ्यायला नको का? सोयरीक जमवताना आपण तेवढं तर बघतोच.

सुरुवात करावी लागते १९७५ पासून. त्या वर्षी सोनीने बेटामॅक्स बाजारात आणला आणि टीव्हीवरचा कार्यक्रम घरच्या घरी टेपवर उतरवून घ्यायची सोय झाली. आज यात काही विशेष वाटणार नाही, पण १९७६ मध्ये युनिव्हर्सल आणि डिस्ने या दोन स्टुडिओंनी सोनीला कोर्टात खेचलं. त्यांचं म्हणणं, हे यंत्र म्हणजे आमच्या सिनेमांची घरोघरी नक्कल करायचं साधन आहे. १९७९ मध्ये खालच्या कोर्टात सोनी जिंकली, १९८१ मध्ये अपिलात हरली, आणि १७ जानेवारी १९८४ रोजी सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. कार्यक्रम लागतो तेव्हा आपण कामावर असतो, म्हणून तो टेप करून रात्री बघितला तर त्यात गैर काही नाही, असा त्याचा मथितार्थ. लहान मुलांच्या कार्यक्रमातले ते प्रेमळ मिस्टर रॉजर्स आठवतात? त्यांच्या साक्षीचाही या निकालात उल्लेख आहे. घरच्यांनी आपला कार्यक्रम टेप करून सोयीच्या वेळी एकत्र बसून बघितला तर आपली काहीच हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर घरी रेकॉर्ड करणारं यंत्र या देशात विकणंच मुश्किल झालं असतं. पुढची सगळी गोष्ट त्या एका मतावर उभी आहे.

आपल्या लोकांची अडचण मात्र वेगळीच होती. भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा, ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेतला एनटीएससी, ५२५ रेघा आणि सेकंदाला साधारण ३० चित्रं. त्यामुळे धाकट्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट मोठ्या कौतुकाने तिकडून यायची आणि इथल्या व्हीसीआरमध्ये घातली की पडद्यावर नुसत्या पट्ट्या सरकायच्या. आमच्या मंडळातले ज्येष्ठ सांगतात, मल्टिसिस्टिम व्हीसीआर ज्याच्या घरी, त्याचा दिवाणखाना म्हणजे गावचं थिएटर, आणि त्याच्या बायकोच्या चहाला अंत नाही. पुढे डीव्हीडी आली तर तिलाही सोवळं-ओवळं: अमेरिका १ नंबरच्या प्रदेशात, भारत ५ नंबरच्या. त्या मानाने व्हीसीडी बिचारी साधी. १९९३ मध्ये तिचा नमुना ठरला. चित्र यथातथाच, एका तबकडीवर जेमतेम ७४ मिनिटं, म्हणून नाटकाचा पहिला अंक एका तबकडीवर आणि दुसरा दुसरीवर. पण तिला कुलूप नव्हतं.

डीव्हीडीला होतं. १९९९ मध्ये नॉर्वेतल्या योन लेक योहान्सेन नावाच्या शाळकरी मुलाने ते उघडणारा प्रोग्रॅम जगापुढे ठेवला. त्याच्यावर खटला झाला. विकत घेतलेली तबकडी आपल्याच कॉम्प्युटरवर बघणं हा गुन्हा नाही, असं म्हणून तिथल्या कोर्टांनी २००३ मध्ये त्याला दोनदा निर्दोष सोडलं. अमेरिकेत तोवर १९९८ चा डीएमसीए कायदा आला होता. त्याने कुलूप उघडणंच निषिद्ध ठरवलं, मग आतला माल तुम्ही पैसे मोजून का घेतलेला असेना. म्हणजे बेटामॅक्सने दिलेलं अर्धं इथे परत गेलं. हा प्रकार मला अजून पटलेला नाही, पण कायदा तसा आहे हे माहीत असावं.

घरच्या कॉम्प्युटरवर आधी चढली ती गाणी, कारण गाण्यांना जागा कमी लागते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या लोकांनी आवाज दाबून बसवायची जी रीत काढली, तिच्या फाईलीचं एमपी३ हे नाव जुलै १९९५ मध्ये ठरलं. सीडीवरचं चाळीस-पन्नास एमबीचं गाणं चार-पाच एमबीत मावायला लागलं. आता गंमत बघा. गाण्यांच्या सीडीवर गाण्यांची नावं सहसा नसतातच, नुसत्या लांब्या असतात. मग कॉम्प्युटर नावं दाखवायचा ती कुठून? १९९३ च्या सुमारास टी कान या गृहस्थांनी सीडीडीबी नावाची वही सुरू केली. गाण्यांच्या लांबीवरून सीडीचा एक आकडा काढायचा आणि त्या आकड्यापुढे ज्याला नावं माहीत असतील त्याने ती टाईप करायची. जगभरच्या हजारो लोकांनी हे काम फुकट केलं. एखादी नाट्यगीतांची सीडी घातल्यावर झर्रकन नावं यायची, ती कोणीतरी रात्री जागून रोमन लिपीत लिहिलेली असायची. ही वही १९९८ मध्ये विकली गेली, २००० मध्ये तिचं ग्रेसनोट झालं, आणि मग परवानगीशिवाय वापर बंद. लोकांनी भरलेली विहीर, आणि त्यावर कंपनीची पाटी! २००८ मध्ये ती सोनीने घेतली. चिडलेल्या लोकांनी फ्रीडीबी आणि म्युझिकब्रेन्झ अशा दोन नव्या वह्या काढल्या. फ्रीडीबी २०२० मध्ये मिटली, म्युझिकब्रेन्झ अजून चालू आहे आणि तिची नोंदवही कोणालाही उतरवून घेता येते. हा किस्सा ध्यानात ठेवा, कारण पुढे हेच नाटक नव्या संचात पुन्हा होणार आहे.

व्हिडिओची पाळी आली तेव्हा दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या. २००० मध्ये फ्रान्समधल्या फाब्रिस बेलार या प्रोग्रॅमरने एफएफएमपेग लिहायला घेतलं. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण जवळजवळ कुठल्याही प्रकारचा व्हिडिओ उलगडणं आणि एका प्रकारातून दुसऱ्यात नेणं हे काम आज जगभर हेच सॉफ्टवेअर करतं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला खरा नायक हाच, बाकी मंडळी रंगभूषा-वेशभूषा. दुसरी गोष्ट म्हणजे नोव्हेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने २९९ डॉलरला एक्सबॉक्स विकायला काढला. नावाला खेळण्याचं यंत्र, पण आत ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, हार्ड डिस्क आणि नेटवर्कची जोडणी. म्हणजे टीव्हीला लागणारा स्वस्त कॉम्प्युटरच, फक्त मालकाला आपला प्रोग्रॅम चालवायला बंदी. हौशी लोकांनी चिप डकवून ती बंदी मोडली आणि २००२ मध्ये त्यावर एक्सबॉक्स मीडिया प्लेयर नावाचा प्रोग्रॅम चढवला. जून २००४ मध्ये तोच नव्या रूपात एक्सबॉक्स मीडिया सेंटर म्हणून आला, म्हणजेच एक्सबीएमसी.

यातली मेख अशी की तो प्रोग्रॅम तयार करायला मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं साहित्य लागायचं आणि ते बाहेरच्यांना वापरायची मुभा नव्हती. म्हणून ही मंडळी तयार प्रोग्रॅम देतच नसत, नुसता कोड देत. मसाल्याची कृती उघड छापायची, पण मसाला कुटून विकायचा नाही, असा मामला. पण त्या यंत्राला पाल-एनटीएससीचं काही पडलेलं नसे. व्हीसीडीची फाईल द्या, डीव्हीडीची द्या, शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरची द्या, ते निमूट दाखवायचं. भारतातून आणलेल्या तबकड्या घरात असणाऱ्याला ही केवढी सोय, हे वेगळं सांगायला नको.

याच सुमारास दुसरीही घराणी होती. एप्रिल २००२ मध्ये आयझॅक रिचर्ड्स यांनी केबल कंपनीच्या डब्याला कंटाळून मिथटीव्ही लिहायला घेतलं. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये विंडोज होम सर्व्हर आणला, चार वर्षांनी त्याची दुसरी आवृत्ती काढली आणि मग नाद सोडून दिला. विंडोजमधलं मीडिया सेंटर २०१५ च्या विंडोज १० मधून गायब झालं. ज्यांनी सगळा संसार त्यावर मांडला होता त्यांनी तो पुन्हा उचलला.

एक्सबीएमसीचा कोड मात्र जीपीएल परवान्याखाली होता: कोणीही घ्या, बदला, पण बदललेलं पुढे दिलंत तर त्याचा कोडही उघडा ठेवा. २००७ च्या शेवटी एलन फाइनगोल्ड यांनी तो मॅकवर आणायचं काम हाती घेतलं. मे २००८ मध्ये त्यांचा गट वेगळा निघाला आणि त्याचं नाव पडलं प्लेक्स. मूळ घराणं लिनक्स, मॅक आणि विंडोजवर पसरलं आणि २०१४ मध्ये, एक्सबॉक्सशी काही संबंधच न उरल्यामुळे, कोडी झालं. प्लेक्सवाल्यांनी एक मोठी गोष्ट केली. त्यांनी घरातला साठा सांभाळणारा आणि पडद्यावर दाखवणारा असे दोन प्रोग्रॅम वेगळे केले. कपाट एका खोलीत आणि किल्ली प्रत्येकाच्या खिशात. तुमच्या फोनला मोठी फाईल झेपत नसेल तर सर्व्हर ती तिथल्या तिथे लहान करून पाठवतो, म्हणजे पोळी कुस्करून बाळाला भरवावी तसं. त्यामुळे घर सोडून बाहेरगावी बसूनही आपला साठा बघता यायला लागला. पण साठा सांभाळणाऱ्या भागाचा कोड प्लेक्सने उघडा ठेवला नाही, आणि दारावर बिल्ला तपासणारा माणूस, म्हणजे लॉगिन, कंपनीच्याच घरचा.

डाउनलोडचं कूळ याहून जुनं आहे. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरमागून कॉम्प्युटरकडे निरोप पाठवायची कल्पना सुचली आणि १९८० पासून यूजनेट चालू झालं. ते फक्त अक्षरं जाणायचं. म्हणून बर्कलीच्या मेरी ॲन हॉर्टन यांनी कुठलीही फाईल अक्षरांत बदलून पाठवायची युक्ती काढली आणि निरोपांच्या पिशवीतून हळूहळू सामानही जायला लागलं. जुलै २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी बिटटॉरेंट लोकांपुढे ठेवलं. त्यात घेणारा प्रत्येक जण लगेच वाढपीही होतो. जो तुकडा पंगतीत सर्वांत कमी जणांकडे असेल तो आधी मागायचा, म्हणजे कुठलाच पदार्थ संपत नाही. सुरुवातीला हे वापरणारे लोक म्हणजे कलाकारांच्या संमतीने मैफलींची रेकॉर्डिंग वाटणारे आणि लिनक्सवाले. इंटरनेट अर्काइव्हनेही २०१२ मध्ये आपला लाखो वस्तूंचा साठा असा वाटायला सुरुवात केली.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नवा भाग आला की आपोआप शोधणारे, उतरवणारे, नाव लावून कपाटात ठेवणारे प्रोग्रॅम निघाले. ते लिहिणाऱ्यांच्या बुद्धीचं कौतुक वाटतं, पण त्यांचा वापर बहुतेक वेळा दुसऱ्याचा माल फुकट आणण्यासाठी होतो, हे कबूल केलं पाहिजे. आणि आपल्या वाण्याच्या दुकानात मिळणारा तो डबा, एकदा पैसे भरा आणि सगळी देशी चॅनेलं बघा म्हणणारा, तोही त्यातलाच. असे डबे कोडीच्या नावावर विकले जायला लागले तेव्हा कोडीच्याच मंडळींनी २०१६ मध्ये जाहीरपणे हात झटकले. मराठी चित्रपटाला आधीच प्रेक्षक थोडे. त्यातले परदेशातले, खिशात डॉलर असलेले प्रेक्षकही फुकट बघायला लागले तर निर्मात्याने कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

आता ते नव्या संचातलं नाटक. मीडिया ब्राउझर नावाचा एक उघड्या कोडचा सर्व्हर होता, त्याचं पुढे एम्बी झालं. डिसेंबर २०१८ मध्ये एम्बीने कोड बंद केला. पण आधीचा कोड तर लोकांच्या हातात होता. काही दिवसांत त्यातूनच जेलीफिन निघालं, आणि आज ते पूर्णपणे स्वयंसेवक चालवतात. ना खातं, ना वर्गणी. प्लेक्सने एप्रिल २०२५ च्या अखेरीस बाहेरगावाहून आपलाच साठा बघण्यासाठी पैसे घ्यायला सुरुवात केली आणि आयुष्यभराच्या पासची किंमत जवळपास १२० डॉलरवरून २५० डॉलरवर नेली. माझा प्लेक्सवर राग नाही, पगार सगळ्यांनाच द्यावे लागतात. पण आजोबांचा हरिपाठ ऐकायला दुसऱ्याच्या दरपत्रकाकडे बघावं लागावं, हे मला मंजूर नाही.

उलट उदाहरणही आहे. स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने २००१ मध्ये घरच्या कॉम्प्युटरवरची गाणी दिवाणखान्यात वाजवणारा डबा काढला, सोबतच्या सर्व्हरचा कोड उघडा ठेवला. लॉजिटेकने २००६ मध्ये कंपनी घेतली, २०१२ मध्ये डबे बनवणं थांबवलं, २०२४ मध्ये आपली ऑनलाईन सेवाही बंद केली. तरी ते जुने डबे वाजतायत, कारण सर्व्हर लोकांनी आपल्याकडे ठेवला. लिरिऑन असं त्याचं आताचं नाव.

आमच्या घरी जेलीफिन आहे. दोन गोष्टी मात्र सॉफ्टवेअरवर सोडू नयेत असं माझं मत. पहिली, नावं. सर्व्हर फोल्डरचं नाव बघून चित्रपट ओळखतो आणि इंटरनेटवरून पोस्टर, माहिती आणतो. इंग्रजी चित्रपटांना छान जमतं. पण प्रभातने १९३७ मध्ये ‘कुंकू’ केला आणि हिंदीत तोच ‘दुनिया न माने’, १९४१ मध्ये ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. दिग्दर्शक तेच शांताराम, वर्षही तेच. अशा जुळ्यांत एकाच्या गळ्यात दुसऱ्याची माळ पडायला वेळ लागत नाही. आणि आपल्या आत्येभावाच्या लग्नाचं पोस्टर कुठून येणार? त्यासाठी व्हिडिओच्या शेजारी एनएफओ नावाची छोटी फाईल ठेवायची. नुसता मजकूर असतो, देवनागरी चालते, कोडी आणि जेलीफिन दोन्ही ती वाचतात. गंमत म्हणजे एनएफओ ही १९९० मधल्या चोरीचे गेम वाटणाऱ्या टोळीची देणगी. मालाबरोबर आपली जाहिरात करणारी चिठ्ठी ठेवायची त्यांची पद्धत होती. आता त्याच चिठ्ठीत आपण वधूपक्षाकडच्या पाहुण्यांची नावं लिहितो.

दुसरी गोष्ट, प्रत. दोन-तीन डिस्कवर मजकूर वाटून ठेवायची रेड नावाची रीत आहे. तिच्यावरचा बर्कलीचा प्रसिद्ध निबंध १९८८ चा. एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण घरात पाणी शिरलं की सगळ्या डिस्क एकदमच भिजतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या जुन्या कोठ्यांना आग लागली आणि तिथे ठेवलेली नायट्रेट फिल्मची रिळं जळाली, त्यात प्रभातचीही होती. ज्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर काढून दुसरीकडे ठेवल्या होत्या ते चित्रपट वाचले. म्हणून एक डिस्क इथे आणि एक नाशिकला भावाकडे. भारतवारीत लोणच्याच्या बरण्या इकडे येतात, डिस्क तिकडे जाते.

घाई एवढ्यासाठी की टेप वाचणारी यंत्रंच संपत चालली आहेत. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, जुलै २०१६ मध्ये थांबली. पाल कॅसेट असेल तर ती भारतातच कोणाकडून तरी उतरवून घेणं सोपं पडतं. एका तासाच्या टेपला एक तासच लागतो, त्याला पळवाट नाही.

फाईल झाल्यावरचं काम आमच्याकडे आत्या करते. सांगलीच्या घराच्या वास्तुशांतीची टेप १९९३ ची आहे, आणि पंगतीतली माणसं ओळखणारी आता तीच एकटी. मी व्हॉट्सॲपवर चित्र पाठवतो, ती नावं आणि नाती सांगते, मी ती एनएफओमध्ये टाईप करतो. आतापर्यंत ४१ जण झाले. निळ्या शर्टातला वाढपी आणि खांबाआड बसलेल्या दोन बायका अजून राहिल्यात.